तलासरी लाइनीचा ब्लॉक

डहाणू रोडला उतरून पूर्वेला मल्याणात शिरलं की शांताराम चुरींचं घर कोणीही दाखवील. मात्र दाखवताना जरा हसेल. चुरी मास्तर रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा आळीला वाटलं होतं, आता हा माणूस परसातली चिकूची झाडं बघेल, संध्याकाळी समुद्रावर पाय मोकळे करील, देवळाच्या मीटिंगला येऊन सगळ्यांचं डोकं खाईल. त्यातलं मास्तरांनी काहीच केलं नाही. भाडेकरूसाठी बांधलेल्या वरच्या खोलीत शिरून त्यांनी आतून कडी लावली, आणि तिथून दिवसभर करवतीचा नि हातोडीचा आवाज यायला लागला. समोरच्या जयश्रीबाईंनी छातीठोक सांगितलं, की मास्तर एक तर गणपतीसाठी मखर करतायत नाहीतर स्वतःसाठी तिरडी; दोन्हीला बांबू लागतोच.

शेवटी अहिल्याबाईंनीच नवऱ्याचं गुपित फोडलं. मासळीवालीपुढे बसून बोंबील निवडता निवडता म्हणाल्या, "आगगाडी मांडलीय वर. खेळण्यातली. दुसरी बाई ठेवली असती तर तिच्याशी भांडले तरी असते. रुळांशी काय भांडू?"

खेळण्यातली म्हटलेलं मास्तरांना मुळीच खपत नसे. दारापासून खिडकीपर्यंत प्लायवूडचा ओटा, आणि त्यावर अख्खं डहाणू रोड स्टेशन. फलाट, पादचारी पूल, केबिन, मालधक्का, फाटक. दोन रुळांमध्ये बोटाच्या पेराएवढं अंतर. काचेला निळा रंग मारून केलेली खाडी, उदबत्तीच्या पुड्याच्या नळकांडीची थर्मल वीजकेंद्राची चिमणी. चिकूच्या वाड्या भांडी घासायच्या हिरव्या घासणीच्या केलेल्या, त्यामुळे अहिल्याबाईंच्या मोरीवर घासणी आठवडाभर टिकली तर नवल. मास्तर वर आलेल्या माणसाला हात मागे बांधून उभं करायचे आणि सांगायचे, "जे खालच्या स्टेशनात आहे तेच इथे आहे. मापात."

एक गोष्ट सोडून. मालधक्क्याच्या टोकाशी एक सांधा होता, म्हणजे एका रुळावरून गाडी दुसऱ्यावर वळते ती जागा. तिथून एक एकेरी लाइन फुटायची, आणि आशागड, रानशेतच्या टेकड्यांतून वाट काढत, चारोटीला वळसा घालून, महालक्ष्मीच्या सुळक्याखालून थेट खिडकीशी जाऊन थांबायची. तिथे एक कुडाचं घर होतं, कारवीच्या बारीक काड्यांचं, खऱ्या लाल मातीनं लिंपलेलं, आणि त्याच्या कपाळावर पाटी: तलासरी.

आता तलासरीला रेल्वे नाही हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. तलासरीला जायचं ते एसटीनं, नाहीतर टमटममध्ये आपले गुडघे परक्याच्या पोटात रोवून. पण ती लाइन मास्तरांची नव्हतीच. ती धाकल्याची होती.

धाकल्या वरठा फाटकावरचा गेटमन. मास्तर स्टेशनात, धाकल्या फाटकावर, आणि दोघांच्या मध्ये एक टेलिफोनची तार. गाडी सोडण्याआधी मास्तर फोन करायचे, "फाटक?" पलीकडून जाड आवाज यायचा, "बंद. नंबर एकोणतीस." हा प्रायव्हेट नंबर म्हणजे रेल्वेतली शपथ. दोन आकडे, दर वेळी वेगळे. फाटक खरोखर बंद केल्याशिवाय गेटमननं तो उच्चारायचा नाही, आणि तो ऐकल्याशिवाय मास्तरानं सिग्नल द्यायचा नाही. कित्येक महिने दोघांनी एकमेकांना नुसतं असं आकड्यांत ऐकलं होतं. पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा दोघंही खट्टू झाले. आवाजावरून मास्तरांना वाटलं होतं गडी पहिलवान असेल, निघाला काडीपैलवान. धाकल्याला वाटलं होतं मास्तर उंच, गोरे असतील. "आवाज साहेबाचा हाय," तो नंतर बायकोला म्हणाला, "बाकी आपल्यासारखाच हाय."

पुढे दोघंही निवृत्त झाले, तरी धाकल्या तलासरीहून हटकून यायचा. मास्तर वायरी जोडायचे, धाकल्या रूळ बसवायचा, आणि अहिल्याबाई खालून चहाच्या कपांबरोबर टोमणे पाठवायच्या. दोघांनी एक नियम घातला होता. एकट्यानं रुळाला हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर दुसऱ्याकडून रीतसर ब्लॉक घ्यायचा, म्हणजे कामापुरती लाइन मागून घ्यायची, आणि काम झालं की परत द्यायची. घेतानाही नंबर, देतानाही नंबर. धाकल्या तलासरीत कुणाच्या लग्नात जेवत बसलेला असायचा आणि मोबाइलवर मास्तर विचारायचे, "मालधक्क्याचा एक रूळ उचलतोय. ब्लॉक दे." धाकल्या घास गिळून सांगायचा, "घ्या. चौऱ्याऐंशी." शेजारचा वऱ्हाडी त्याच्याकडे बघतच राही.

तलासरीच्या लाइनीचं खूळ धाकल्याचं, पण त्याला कारण होतं. रेल्वेत लागला तेव्हापासून त्याचा पाडा त्याला एकच विचारत आला, की तू रेल्वेतला ना, मग आमच्याकडं गाडी कधी आणतोस? आधी चेष्टेनं, मग सवयीनं. त्याच्या लेकीच्या, भारतीच्या, लग्नातसुद्धा व्याही मांडवात म्हणाला, "बाप रेल्वेतला, आणि वऱ्हाड टेम्पोतून." धाकल्या दर वेळी म्हणायचा, "येणार हाय." निवृत्तीचा दिवस आला तरी गाडी आली नाही. म्हणून त्यानं ती मास्तरांच्या ओट्यावर आणली. मास्तरांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं. "अरे, हे खोटं आहे." धाकल्या म्हणाला, "खालची खरी हाय तिच्यावर तुमी बसा. आमी हिच्यावर बसतो."

आणि बसलेच. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा होते. ती आटोपली की दुसऱ्या दिवशी धाकल्या पाड्यावरची माणसं जीपमध्ये कोंबून मल्याणात आणायचा. आपली गाडी बघायला. आळीतल्या खिडक्या उघडायच्या, जयश्रीबाई जिन्याच्या तोंडाशी मुक्काम ठोकायच्या. वर खोलीत म्हाताऱ्या बाया ओट्याभोवती दाटीनं उभ्या राहायच्या, इंजिनाला कुंकू लावायच्या. धाकल्या बटण दाबायचा. गाडी डहाणूहून सुटून हळूहळू डोंगर चढायची आणि कुडाच्या स्टेशनाशी थांबायची. कोणी टाळ्या वाजवत नसे. एखादी म्हातारी फक्त म्हणे, "आली बाय." इंजिनावरचं कुंकू पुसून काढायला मास्तरांना पुढे कान कोरायच्या काड्या लागायच्या. ते करवादायचे, पण पुढच्या चैत्राच्या आधी इंजिनाला तेल द्यायला विसरायचे नाहीत.

तर असा हा नियमाचा माणूस. आणि त्यानंच हे केलं.

त्या हिवाळ्यात धाकल्या विहिरीवर पाय घसरून पडला. मांडीचं हाड मोडलं. भारतीनं त्याला पाड्यावरच्याच आपल्या घरी नेऊन ठेवला, आणि मल्याणातल्या चकरा थांबल्या. नेमका तेव्हा गौरव उगवला. मुंबईचा पोरगा, इंजिनीअर, सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरातल्या रेलगाड्यांचे व्हिडिओ करायचा. त्याचे म्हणे लाखभर प्रेक्षक होते. मास्तरांचा ओटा बघून तो खरोखर चाट पडला. गुडघ्यावर बसून फलाटाच्या पातळीत डोळे नेऊन त्यानं सगळं पाहिलं, आणि मास्तरांची छाती सदऱ्यात मावेना. मग तो खिडकीशी गेला.

"काका, ही लाइन कुठली?"

"ती..." मास्तर म्हणाले, "ती आमच्या एका माणसाची हौस."

"पण अशी लाइन नाहीये ना? बाकी सगळं इतकं अचूक आहे, आणि हे एकदम गोष्टीतलं वाटतं. लोक कमेंटमध्ये लगेच पकडतात, काका. शिवाय स्टेशनात आता नव्या लाइनी पडतायत. त्या इथून काढता आल्या असत्या, नाही का? याच सांध्यावरून."

हे त्यानं काही वाईट बुद्धीनं म्हटलं नाही. पण "अचूक" हा शब्द मास्तरांच्या कानात दोन दिवस वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद घेऊन नवी मांडणी आखली. गौरव म्हणाला ते खरंच होतं. नव्या लाइनी त्या सांध्यातून झकास निघत होत्या. फक्त जुनी लाइन मध्ये येत होती.

त्यांनी खिशातून फोन काढला. धाकल्याचा नंबर शोधायला चष्मा लागला, म्हणून चष्मा शोधला. चष्मा सापडला, तोवर फोन परत खिशात गेला होता. मास्तरांनी स्वतःला सांगितलं, की माणूस दुखण्यात पडलाय, त्याला कशाला तोशीस. असंही सांगितलं, की बरा होऊन येईल तेव्हा नवं काहीतरी बघून खूशच होईल. माणूस स्वतःशी बोलायला लागला की त्याला अडवणारं कोण असतं?

मग पक्कड घेतली. रूळ धाकल्यानं असे बसवले होते की उचलता उचलता मास्तरांची नखं दुखली. आशागडची टेकडी उचकटली, रानशेतची उचकटली. जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि प्लास्टरच्या त्या टेकड्या अखंड निघेनात, तुकड्यातुकड्यांनी बादलीत गेल्या. रूळ मात्र टाकले नाहीत, नव्या लाइनीला कामी आले. आणि कुडाचं ते घर टाकवेना, म्हणून मास्तरांनी त्याला मालधक्क्यापलीकडच्या फाटकाशी ठेवलं, गेटमनची खोली म्हणून. गेटमनच्या खोलीवर तलासरी लिहिलेलं कसं चालेल? दाढीच्या पात्यानं त्यांनी पाटीवरची अक्षरं खरवडली. 

व्हिडिओ आला. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेवटी गौरवनं विचारलं, "काका, या लेआउटचं वैशिष्ट्य काय सांगाल?" आणि मास्तर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "यात मनानं घातलेलं काही नाही. जे आहे तेच दाखवलंय."

आळीनं तो घरोघर पाहिला. जयश्रीबाईंनी ज्यांना पाठवायचा त्यांना पाठवला आणि ज्यांना नाही त्यांनाही पाठवला. अहिल्याबाईंनी एकदा पाहिला, मोबाइल उलटा ठेवला आणि विचारलं, "धाकल्याभाऊंना विचारलं होतंत?"

"सांगितलंय," मास्तर म्हणाले.

"मग बरं," अहिल्याबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचं "मग बरं" कसं असतं ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल.

त्यानंतर घरात फोन वाजला की मास्तर न्हाणीघरात जायला लागले. धाकल्याचा फोन दोनदा आला. दोन्ही वेळा अहिल्याबाईंनी घेतला, तब्येतीची चौकशी केली आणि "मास्तर आंघोळीला गेलेत" म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा दुपारचे तीन वाजले होते. "तिसरी आंघोळ आहे आज," त्या फोन ठेवून बंद दाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "एवढं काय धुवायचंय कोण जाणे." वरच्या खोलीत मास्तर जाईनात. गेलेच तर नव्या लाइनीवरून गाडी फिरवायचे, आणि ती त्या सांध्याशी आली की मान खिडकीकडे वळायची. गाडी वळत नसे, मानच वळे.

होळी झाली. चैत्र तोंडावर आला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी जीप दारात उभी राहणार, बाया जिना चढणार, आणि मग? एक दिवस सकाळी मास्तरांनी पिशवीत चिकू भरले.

"तलासरीला जातो. धाकल्याला बघून येतो."

"चिकू कमी पडतील," अहिल्याबाई म्हणाल्या. "पोतं न्या."

एसटीत खिडकी मिळाली हीच शिक्षा झाली. आशागड आलं, आणि टेकडी जागच्या जागी होती. रानशेत आलं, तिथल्या उतारावरचे ताड मोजून तेवढेच होते जेवढे धाकल्यानं झाडूच्या काड्यांचे केले होते. मास्तरांनी "हे असं नसतं रे" म्हणून ज्या वळणाला नावं ठेवली होती ते वळण तसंच निघालं. चारोटीला बस हायवेला लागली आणि महालक्ष्मीचा सुळका दिसला. मास्तरांनी नमस्कारासाठी हात उचलले आणि तसेच मांडीवर ठेवले. कॅमेऱ्यापुढे ज्याला त्यांनी मनानं घातलेलं म्हटलं होतं ते सगळं खिडकीबाहेर खडखडीत उभं होतं. नव्हते ते फक्त रूळ.

भारतीचं घर पाड्याच्या तोंडाशी. धाकल्या ओटीवर खाटेवर बसला होता, मोडका पाय उशीवर. मास्तरांना बघून हसला.

"या मास्तर. आंघोळ झाली?"

मास्तरांना ठसका लागला. भारतीनं पाणी दिलं, मग बिनदुधाचा गवती चहा दिला. पायाचं बोलणं झालं, डॉक्टरचं झालं, अहिल्याबाईंच्या गुडघ्यांचं झालं. मास्तर दर वाक्याला ठरवायचे, की हे संपलं की सांगतो. चहा संपला तेव्हा "कपातला चोथा काढून सांगतो" असं ठरवत होते. तेवढ्यात शेजारचा सुकऱ्या आला, खांद्यावर कुऱ्हाड, आणि ओटीच्या कडेला टेकला. हा सुकऱ्या दर वर्षी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचा.

"मास्तर, बरं झालं आलात," तो म्हणाला. "आमच्या लाइनीचा ब्लॉक कधी सुटायचा?"

"कसला ब्लॉक?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"भारतीच्या मोबाइलवर बघितलं ना आमी. लाइनच नाय दिसली. स्टेशन पण नाय. बाया लागल्या बोलाया, धाकल्याची गाडी बंद केली म्हणून. मग धाकल्यानंच सांगितलं. ब्लॉक घेतलाय, जुने रूळ काढून पक्के टाकतात, जत्रेपतूर लाइन चालू होते. तुमी त्याला इचारूनच काढलेत म्हणाला. नंबर पण दिला म्हणाला." सुकऱ्यानं मान डोलावली. "पक्के टाका मास्तर. मागच्या साली चारोटीला डबा पडला होता."

मास्तरांनी धाकल्याकडे पाहिलं. धाकल्या आपल्या मोडक्या पायाकडे बघत होता.

फाटक पडलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय ज्यानं कधी दोन आकडे उच्चारले नाहीत, मुसळधार पावसात, अंगात ताप असताना, साहेब फोनवर ओरडत असताना उच्चारले नाहीत, त्यानं न दिलेला नंबर दिला म्हणून सांगितलं होतं. अख्ख्या पाड्याला. आणि ते कुणासाठी, हे ओटीवर बसलेल्या तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं.

सुकऱ्या गेला. भारती आत भाकरी थापत होती, थपथप ऐकू येत होतं.

"धाकल्या," मास्तर म्हणाले, "मी..."

"घर फाटकावर ठेवलंत ना?"

"हो."

"दिसलं मला. गेटमनलाच दिलंत घर." तो हसला, पण नेहमीचं हसू नव्हतं. "नाव कशानं काढलंत? ब्लेडनं?"

"ब्लेडनं."

"माती नाय ना उकलली?"

"नाही."

"बरं केलंत." मग त्यानं आत भारतीला हाक मारून मास्तरांना वाढायला सांगितलं. भाकरी जेवून मास्तर उठले तेव्हा म्हणाला, "मास्तर, ब्लॉक लांबवू नका. मी सांगून बसलोय."

ओरडला असता तर बरं झालं असतं. मास्तर परतीच्या एसटीत ओरडण्याचेच शब्द शोधत राहिले, जे धाकल्यानं म्हणायला हवे होते. सापडलेले शब्द त्यांनी स्वतःच स्वतःला ऐकवले. तरी समाधान होईना.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या खोलीत पुन्हा हातोडी वाजायला लागली. जयश्रीबाईंनी विचारलं तेव्हा अहिल्याबाई म्हणाल्या, "केलेलं उपसतायत." नव्या लाइनी निघाल्या. रूळ पुन्हा खिडकीकडे वळले. टेकड्या पुन्हा लावायच्या तर तुकडे बादलीसकट कचरागाडीत गेलेले. मग वर्तमानपत्रं भिजवली, प्लास्टर कालवलं, आणि एसटीच्या खिडकीतून दिसलं होतं ते हातांनी आठवायला लागले. अहिल्याबाईंनी न मागता दोन नव्या घासण्या वर पाठवल्या आणि झाडूच्या काड्याही. ज्या वळणाला मास्तरांनी नावं ठेवली होती ते जसंच्या तसं घातलं. कुडाचं घर फाटकावरून उचलून खिडकीशी नेलं. पाटीला पांढरा रंग दिला, पण नाव लिहिलं नाही. बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची डबी शेजारी मांडून ठेवली. ते अक्षर धाकल्याचं होतं. ते त्यानंच लिहावं.

मधल्या काळात त्यांनी फोन केला. "लाइन तयार आहे. देऊ परत? नंबर..."

"बघितल्याशिवाय नाय," धाकल्या म्हणाला.

जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी जीप आली. पुढच्या सीटवर यंदा धाकल्या होता, सुकऱ्या मागे दाटीत. चौघांनी धरून धाकल्याला जिना चढवला. जयश्रीबाई तळाशी होत्याच. "काय हो, उलट्या दिशेनं वरात?" म्हणाल्या, आणि पाड्यावरच्या बाया त्यांच्याहून मोठ्यानं हसल्या.

धाकल्या कुबडीवर टेकून ओट्याभोवती हळूहळू फिरला. रुळांवरून बोट फिरवलं. टेकड्यांशी थांबला, वळणाशी थांबला, मास्तरांकडे एकदा बघितलं. खिडकीशी आला. कोरी पाटी बघितली, ब्रश बघितला.

"नाव कुठं गेलं?" एका म्हातारीनं विचारलं.

"रंग वाळला नाय अजून," धाकल्या म्हणाला.

हे दुसरं खोटं.  सुकऱ्या सगळ्यांना समजावून सांगत होता, की मास्तरांनी ब्लॉक घेऊन रूळ कसे पक्के केले, आता चारोटीला डबा पडायचा नाही. मास्तर खाकरले.

"सुकऱ्या, खरं सांगायचं तर मी..."

"मास्तर," धाकल्याचा तो जाड आवाज खोलीभर झाला, "सिग्नल द्या. माणसं खोळंबलीत."

आयुष्यभर मास्तरांनी ज्या आवाजावर विश्वास ठेवून गाड्या सोडल्या, त्याला नाही म्हणणं त्यांच्या हातांना माहीतच नव्हतं. बटण दाबलं. सिग्नल पडला. कुंकू लावलेलं इंजिन सांध्यावरून वळलं, आशागड चढलं, रानशेतच्या ताडांमागे गेलं, चारोटीला डबा पडला नाही, आणि कुडाच्या स्टेशनाशी गाडी थांबली.

"आली बाय," म्हातारी म्हणाली.

जीप निघून गेली. ब्रश होता तिथेच, कोरडा. दिवेलागणीला फोन वाजला. मास्तर न्हाणीघरात गेले नाहीत.

"तलासरी," धाकल्या म्हणाला. "माणसं उतरली. लाइन बघितली. ठीक हाय."

मास्तर थांबले. पूर्वी या जागी आकडा लगेच यायचा, श्वास घ्यायला सवड नसायची. आता मध्ये नुसती भारतीच्या घरातली भांडी ऐकू येत होती.

"त्रेसष्ट," धाकल्या शेवटी म्हणाला.

"त्रेसष्ट," मास्तरांनी रीतीप्रमाणे परत म्हटलं. "आणि पाटी?"

"पाटीचं बघू," धाकल्या म्हणाला, आणि फोन बंद झाला.

त्याला आता वर्ष होत आलं. धाकल्याचा पाय जुळलाय. तो पहिल्यासारखा येतो, रूळ घासतो, चहा पितो, अहिल्याबाईंचे टोमणे झेलतो. ब्लॉक मागितला तर देतो. ब्रशाला मात्र हात लावत नाही, आणि मास्तर तिथून ब्रश हलवत नाहीत.

वर कोणी पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, की हे बिननावाचं स्टेशन कुठलं, तर मास्तर हात मागे बांधून सांगतात, "तलासरी. नाव मी खरवडलं. न विचारता." गौरव पुन्हा आला होता, त्यालाही त्यांनी कॅमेऱ्यापुढे हे सगळं नीट सांगितलं. गौरवनं तेवढा भाग कापला, व्हिडिओ लांबतो म्हणाला. जयश्रीबाईंना तर ती गोष्ट इतकी पाठ झालीय, की मास्तर घरी नसले तर पाहुण्यांना त्याच सांगतात, वर थोडं मीठमसाला लावून. सबंध मल्याणाला ठाऊक आहे.

ठाऊक नाही ते फक्त पाड्यावर. तिथे सांगायला मास्तर दोनदा निघाले. दोन्ही वेळा धाकल्या एसटीच्या थांब्यावरच भेटला, म्हणाला, "चला, चहा घेऊ," आणि त्यानं चहा पाजून मास्तरांना परतीच्या गाडीत बसवून दिलं.